खांदेरीच्या किल्ल्यावर इंग्रजांनी लाइटहाऊस का बांधलं? आणि आता जीपीएस असताना ते जपायचं कशाला?

माझं आजोळ अलिबागजवळचं थळ. लहानपणी रात्री ओटीवर झोपलं की समुद्राकडे ठरावीक वेळाने उजेड चमकून जायचा. आजी म्हणायची, "बत्ती मोज, झोप येईल." बत्ती म्हणजे खांदेरीचं लाइटहाऊस. त्यामुळे माझं उत्तर जरा एकतर्फी आहे, ते आधीच सांगून टाकतो.

'का' समजायला नकाशा उघडा. खांदेरी हे बेट थळच्या किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटर समुद्रात, मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला आहे. तिथे बसलं की बंदरात कोण शिरतंय, कोण बाहेर पडतंय ते सगळं दिसतं. महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला तो याच कारणासाठी. त्यांच्या आरमाराचा सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी गलबतं पाठवली, लढाया झाल्या, पण बांधकाम काही थांबलं नाही. मग शेजारच्या उंदेरी बेटावर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला. पुढे खांदेरी मराठा आरमाराच्या आंग्र्यांकडे होती. १७१८ मध्ये इंग्रजांनी तिच्यावर मोठी मोहीम काढली आणि हात हलवत परत गेले.

मग मराठी सत्ता संपली, बेट इंग्रजांच्या हाती आलं. दीडेकशे वर्षं जी जागा त्यांना खुपत होती, तिचाच आता उपयोग होणार होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, जहाजांची वर्दळ वाढली. रात्रीच्या वेळी दक्षिणेकडून येणाऱ्या तांडेलाला वळायचं कुठे हे कळायला हवं होतं. १८६७ मध्ये खांदेरीच्या टेकडीवर अष्टकोनी मनोरा उभा राहिला. १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकाला प्राँग्स लाइटहाऊस झालं. म्हणजे बंदराच्या एका बाजूला ती बत्ती, दुसऱ्या बाजूला ही.

कॉलेजात असताना मी बेटावर गेलो होतो. थळहून मच्छीमार होडीने, भरतीची वेळ बघून. कोळ्यांचा वेताळ तिथेच आहे, त्यामुळे होडीवाल्याने आधी नारळ फोडला. मग एका शिळेपाशी नेऊन म्हणाला, "मारा दगड." मारला तर भांड्यावर आपटल्यासारखा टणकन आवाज! शिळा तशी इतर शिळांसारखीच दिसते. जरा पुढे तटावर गाड्यासकट उभ्या असलेल्या तोफा आहेत. बहुतेक किल्ल्यांवर तोफ गवतात लोळत पडलेली असते. इथे तिची चाकं शाबूत बघून मला लाइटहाऊसपेक्षा जास्त नवल वाटलं होतं, हे कबूल करतो.

आता जपायचं का. जीपीएस आहे हे खरंच, मोठी जहाजं त्यावरच चालतात. पण ते बिघडतं, आणि मुद्दाम बिघडवताही येतं. आखाताकडच्या समुद्रात गेल्या काही वर्षांत हे सर्रास घडलंय. लहान होडीवाल्याचा मोबाइल भिजला किंवा चार्जिंग संपलं, तर रात्री त्याला बत्तीच दिसते. प्रत्येक बत्तीची चमक आणि मधला अंधार ठरलेला असतो, त्यामुळे नुसतं मोजून ओळखता येतं की ही खांदेरी आहे, दुसरी कुठली नाही. आजीने मला झोपवायला शिकवलेली युक्ती खरं तर दर्यावर्दींची होती.

पण मला त्याहून मोठं वाटणारं कारण वेगळं आहे. शेजारची उंदेरी बघून या. तीही किल्लाच, पण तिथे वस्ती नाही, झाडोरा माजलाय, तटाच्या सांध्यांत मुळं शिरलीयत. खांदेरीवर दिवा लावायला माणूस राहायचा, म्हणून धक्का, पाण्याची सोय, पायवाट यांच्याकडे लक्ष राहिलं. शिवाय वाटेल त्याला वाटेल तेव्हा उतरता येत नव्हतं. तोफांचे गाडे टिकले ते यामुळेच, असं माझं मत.

कागदावर आता चांगले दिवस आलेत. जहाजांना दिशा दाखवणाऱ्या साधनांसाठी केलेल्या २०२१ च्या कायद्यात लाइटहाऊसला वारसा म्हणून जाहीर करायची तरतूद आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे. बेटाला १९९८ पासून कान्होजी आंग्र्यांचं नावही आहे, थळात मात्र सगळे खांदेरीच म्हणतात.

धास्ती एवढीच, की दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापलं जाईल. माझ्या आजोळच्या घराच्या जोत्याला आम्ही हेच केलं होतं. दोन पावसाळ्यांत आतली ओल बाहेर यायला वाट उरली नाही आणि दगडांचे पापुद्रे सुटायला लागले. गवंडी म्हणाला, "भाऊ, चुन्याला चुनाच लागतो." तेव्हा आम्ही त्याचं ऐकलं नव्हतं.

जायचं असेल तर पावसाळा सोडून जा, थळच्या होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोला आणि परवानगीचं आधी विचारून घ्या. पाणी सोबत न्या. आणि ती शिळा वाजवायला लहान दगड पुरतो.