प्रीडायबेटिस निघाल्यावर पहिले बदल

आपला एचबीए१सी (रक्तातील साखरेची सरासरी पातळी सांगणारी तपासणी) ६.१ टक्के आला आहे, म्हणजे तो ५.७ ते ६.४ या प्रीडायबेटिसच्या, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या टप्प्याच्या, मर्यादेत आहे. या टप्प्यावर केलेल्या बदलांचा खरोखर उपयोग होतो, म्हणून धीर सोडू नका. सर्वप्रथम नाश्ता पाहा. तर्री-पोहे आपल्या नागपूरकरांना कितीही प्रिय असले तरी त्यांत पोहेच अधिक आणि चणे नावापुरते असतात. घरी हे प्रमाण उलटे करून वाटीभर शिजवलेल्या चण्यांवर मूठभर पोहे घ्या आणि तर्रीचे तेल बेताचे ठेवा. भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली तरी ती मोजूनच खावी, कारण पिष्टमय पदार्थ तिच्यातही असतात, हे अनेक जण विसरतात. अर्धे ताट भाजीने भरावे. संत्र्याचा रस टाळून अख्खे संत्रे खा. संत्रा बर्फी सणापुरती. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला. मे महिन्यात मात्र अंबाझरी तलावावरची फेरी सूर्य वर येण्यापूर्वीच आटोपावी. वजन जास्त असल्यास ते ५ ते ७ टक्के उतरले तरी पुष्कळ फरक पडतो. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे पुढील तपासणी केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा.