आवडती गायिका, चाळीस चाहते आणि ३८,६०० रुपये

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि.

मी नाशिकला राहते. वय ३१. औषधांच्या एका दुकानात हिशेब पाहते. २०१३ साली ‘आशिकी २’मधले ‘चाहूँ मैं या ना’ ऐकले, तेव्हापासून पलक मुच्छल या माझ्या सर्वांत आवडत्या गायिका आहेत. त्यांच्या गाण्यांची वर्षवार नोंद असलेली वही मी आजही ठेवते. हृदयविकार असलेल्या गरीब मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी त्या गातात हे कळल्यावर तर आवडीची भक्तीच झाली.

आम्हा चाळीसेक चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. गेल्या ३० मार्चला, त्यांच्या वाढदिवसानिमित्त, आम्ही आपसात ३८,६०० रुपये जमवले. ते अजून एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यात पडून आहेत. निम्म्यांना चौकात फलक लावून केक कापायचा आहे, उरलेल्यांना ती रक्कम एखाद्या मुलाच्या उपचारासाठी द्यायची आहे. सासूबाई म्हणतात, “दान ती करते आणि मिरवता तुम्ही.” हे बोलणे मनाला लागले आहे. शिवाय गटात एक अलिखित नियम होऊन बसला आहे, की त्यांच्या कुठल्याही गाण्याला नाव ठेवायचे नाही. कुणी ठेवलेच तर “त्या मुलांचे प्राण वाचवतात, तू काय करतोस?” असे विचारले जाते. आमचे काही चुकते आहे का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी पैशांचे पाहू. गाण्यावरचा वाद वर्षभर चालला तरी कुणाचे बिघडत नाही, पण दुसऱ्याच्या खात्यात मुरत पडलेली वर्गणी मैत्री नासवते.

तुमच्यासमोरचा प्रश्न पलक मुच्छल यांच्या घरासमोरही एकदा आला होता, हे कदाचित तुमच्या वहीत नसेल. त्यांचा जन्म १९९२ चा, इंदूरचा. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी सात वर्षांची ही मुलगी इंदूरच्या दुकानादुकानांतून गात फिरली आणि जवानांच्या कुटुंबीयांसाठी सुमारे २५,००० रुपये तिने जमवले. पुढल्या वर्षी इंदूरच्याच एका शाळेतील शिक्षकांनी, आपल्या एका विद्यार्थ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची आहे आणि वडिलांना खर्च झेपत नाही, तर पलकने त्याच्यासाठी गावे, असे मुच्छल कुटुंबाला सुचवले. हातगाडीचेच व्यासपीठ झाले आणि ५१,००० रुपये उभे राहिले. एवढ्यात बंगळुरूचे प्रसिद्ध हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांनी त्या मुलावर मोफत शस्त्रक्रिया करण्याची तयारी दाखवली, आणि ज्या कामासाठी पैसे जमवले होते ते काम पैशांवाचून होऊन गेले. हाती उरलेल्या रकमेचे काय करायचे? कुटुंबाने वर्तमानपत्रातून आवाहन केले, की असा आजार असलेली आणखी मुले असतील तर कळवावे. तेहतीस मुलांची नावे आली. आज जे काम आपण पाहतो, ते त्या उरलेल्या पैशांतून आणि त्या यादीतून उभे राहिले आहे. जून २०२४ मध्ये त्यांच्या मदतीने झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा ३,००० वर गेल्याच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या होत्या.

तेव्हा केक की उपचार, या वादाचा निकाल तुमच्या आवडत्या गायिकेच्या घरी पंचवीस वर्षांपूर्वीच लागला आहे. केक खायचाच असेल तर त्याची वर्गणी वेगळी काढावी. ज्यांनी उपचारासाठी म्हणून पैसे दिले त्यांच्या पैशांतून फलक छापणे, मग त्यावर कितीही आदराने गायिकेचे छायाचित्र असो, हा त्या देणाऱ्यांचा विश्वासघात आहे.

आता व्यवहार. ही रक्कम तुम्ही आपसात काढली आहे तोवर प्रश्न गटापुरता आहे. पण उद्या दुकानदारांकडे, ओळखीपाळखीच्या लोकांकडे पावतीपुस्तक घेऊन गेलात तर गोष्ट बदलते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली गणेशोत्सव मंडळे दरवर्षी वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज करतात. नोंदणी नसलेल्या तुमच्यासारख्या गटालाही तीच वाट धरावी लागेल. दुसरे असे, की कलावंताच्या नावाने पैसे मागण्याचा अधिकार चाहत्याला आपोआप मिळत नाही. तुमचा हेतू निर्मळ आहे, पण त्याच नावाने आणि त्याच छायाचित्राने फसवणारे असतात, आणि देणाऱ्याला दोघांतला फरक दिसत नाही. रक्कम थेट पलक मुच्छल यांच्या प्रतिष्ठानाला द्यायची असेल तर प्रतिष्ठानाच्या अधिकृत खात्यावरच भरावी, पावती मागावी, आणि ती पावती गटात सर्वांसमोर ठेवावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीला आयकरात वजावट मिळत नाही, एवढेच एक कारण बँकेतून व्यवहार करायला पुरेसे आहे.

मला मात्र दुसराच एक मार्ग सुचवावासा वाटतो, आणि त्यासाठी आजाराबद्दल थोडे सांगायला हवे. दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळे हृदयात काही ना काही जन्मजात दोष घेऊन येतात. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असणे. छिद्र लहान असेल तर पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे असेल तर बाळ दूध पिताना मध्येच थांबते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुनःपुन्हा होतो. आई सांगते, “पितापिताच दमतो हो.” घरातली मोठी माणसे म्हणतात, अंगावरचे दूध पुरत नसेल. यात महिने जातात. मोठे छिद्र वेळेवर बंद केले नाही तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे शस्त्रक्रिया करण्याचीच सोय उरत नाही. म्हणजे या आजारात पैसे किती मिळाले याइतकेच ते कधी मिळाले यालाही महत्त्व आहे.

आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी काही दारे उघडी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुले तपासतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना, वर सांगितलेल्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्याच कलम ४१कक नुसार, १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण योजनेत बसत नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. सुरगाण्याहून किंवा पेठहून मुंबईला येणाऱ्या मजूर जोडप्याचे पंधरा दिवसांचे रोज बुडतात. मूल अतिदक्षता विभागात असताना बापाने झोपायचे कुठे, आईने दोन वेळा खायचे काय, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी पुन्हा टूडी इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, यायचे तर एसटीचे भाडे कुणाकडे मागायचे? मूल बरे दिसू लागले की फेरतपासणी टळते ती बहुधा याच भाड्यापायी.

३८,६०० रुपयांत खासगी रुग्णालयातली शस्त्रक्रिया होणार नाही. पण तीन-चार कुटुंबांचे जाणे-येणे, राहणे आणि वर्षभराच्या फेरतपासण्या नक्कीच होतील. जिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. कोणत्या कुटुंबाला कशाची गरज आहे हे त्यांना नेमके ठाऊक असते. तुम्ही स्वतः हिशेब पाहता, तेव्हा या खर्चाची वही तुमच्याइतकी चांगली कोण ठेवणार? आणि ३० मार्च साजरा करायचाच असेल तर रक्तदान शिबिर घ्या. हृदयाच्या शस्त्रक्रियेला रक्त लागतेच, आणि उन्हाळा लागला, महाविद्यालयांना सुट्ट्या पडल्या की रक्तपेढ्या रिकाम्या होऊ लागतात. पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांच्या अंतराने रक्त देता येते, त्यामुळे हे केवळ वाढदिवसापुरते ठेवण्याचेही कारण नाही.

गाण्यांबद्दल तुमच्या गटाचा जो नियम आहे, तो मला साफ नापसंत आहे. एखादे गाणे फसले असे म्हणणाऱ्याला मुलांच्या प्राणांचा हवाला देऊन गप्प करणे, हा त्या मुलांचा ढालीसारखा वापर आहे. ‘एक था टायगर’पासून ‘प्रेम रतन धन पायो’च्या शीर्षकगीतापर्यंत आणि ‘एम. एस. धोनी’मधल्या ‘कौन तुझे’पर्यंत ज्या गायिकेने आपली जागा गळ्याच्या बळावर केली, तिला अशा संरक्षणाची गरजच काय? उलट त्याने तिच्यातल्या गायिकेचा अपमान होतो. जणू गाणे कसेही असो, पुण्याई मोठी म्हणून ऐकून घ्यायचे! तुमची वही पुन्हा काढा आणि न आवडलेल्या गाण्यांपुढे फुली मारा. ज्या वहीत एकही फुली नाही तिच्यातल्या कौतुकाला मी तरी किंमत देणार नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचे म्हणणे फलकाच्या बाबतीत खरे आहे, ते मान्य करून टाका. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी १९८६ मध्ये पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीला मदत केली, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी चौकात फलक लावल्याचे ऐकिवात नाही. मात्र त्या काळी चौकात फलक लावणे एवढे स्वस्तही नव्हते, हेही खरे. माझी सूचना अशी, की पहिल्या कुटुंबाला भेटायला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या. रुग्णालयाच्या ओट्यावर बसलेल्या त्या आईशी काय बोलावे हे तुमच्या चाळीस जणांपेक्षा त्यांना अधिक कळेल.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून चांगली गाते. पलक मुच्छल यांच्याविषयी वाचल्यापासून तिलाही आजारी मुलांसाठी कार्यक्रम करण्याची ओढ लागली आहे. आमच्या ओळखीचे एक आयोजक दर शनिवारी कार्यक्रम लावण्यास तयार आहेत. होकार द्यावा का?

— एक पालक, जळगाव

उत्तर : दर शनिवारी नको. वर्षातून दोन-तीन कार्यक्रम पुष्कळ झाले. या वयात गळा घडत असतो, आणि प्रत्येक आठवड्याला टाळ्यांसाठी चढ्या पट्टीत गाण्याची सवय लागली तर रियाज मागे पडतो. आयोजक तिकिटे लावणार असतील तर बालकलाकारांविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम त्यांना आधी दाखवा : दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि मुलाला मिळणाऱ्या मानधनाचा किमान २० टक्के भाग त्याच्याच नावे मुदत ठेवीत. जमलेला निधी कोणाकडे जाणार हे कार्यक्रमाच्या आधी लेखी ठरवा आणि नंतर त्याचा हिशेब मुलीलाही समजावून सांगा, कारण गाणार ती आहे.

आणखी एक. ज्या मुलासाठी निधी जमवायचा त्याला मंचावर उभे करण्याचा आग्रह आयोजक हमखास धरतात. त्याला ठाम नकार द्या. पलक मुच्छल यांच्याविषयी असे सांगतात, की शस्त्रक्रिया पार पडलेल्या प्रत्येक मुलामागे त्या स्वतःसाठी फक्त एक बाहुली घेतात. त्यांच्याकडून शिकायचे असेल तर तुमच्या मुलीला हे सांगा, आणि आजारी मुलाला प्रेक्षकांपुढे न आणता, त्याचे नाव न घेता कार्यक्रम करता येतो का, ते आयोजकाला विचारून पाहा. तो नाही म्हणाला तर दुसरा आयोजक शोधा.