जुन्या पोर्श ९११ चं तेल आणि ब्रेक: हवा बाहेर कुठून जाते ते आधी बघा

तुमच्या १९८५ च्या ३.२ कॅरेराला (३.२ लिटर इंजिनची ९११) ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या लॅपला तेल १२० डिग्रीच्या वर जातंय, ब्रेकचं पेडल मऊ पडतंय, आणि म्हणून तुम्ही पुढचा पत्रा कापून तेलाचा मोठा कूलर आणि ब्रेकला हवा नेणारे डक्ट असं सगळं एकदमच करायला निघालाय. कृपा करून पत्र्याला आत्ताच हात लावू नका.

आधी जे आहे ते नीट चालतंय का बघा. या गाडीचा थर्मोस्टॅट उजव्या मागच्या चाकाच्या पोकळीत असतो, साधारण ८५ डिग्रीला उघडतो आणि मग तेल पुढच्या उजव्या फेंडरमधल्या कूलरकडे जातं. गाडी चांगली तापल्यावर तेलाच्या पुढच्या लाइनजवळ हात नेऊन बघा (चिकटवू नका, भाजेल), लाइन गार असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय, मग कूलर कितीही मोठा लावा, उपयोग शून्य. या लाइन उजव्या बाजूने दाराखालून पुढे जातात आणि कुणीतरी कधीतरी तिथेच जॅक लावून त्या चेपवलेल्या असतात, हे मी एकापेक्षा जास्त गाड्यांत बघितलंय. थर्मोस्टॅटचे नट मात्र जोर लावून फिरवू नका, अॅल्युमिनियमचे आटे नटाबरोबर निघून येतात, नट कापावा लागला तरी चालेल पण थर्मोस्टॅट वाचवा. तेलाची पातळी इंजिन गरम, आयडलवर आणि गाडी सपाट जागेवर असतानाच बघायची, गार इंजिनला काडी बघून तेल ओतत बसलात की जास्त होतं आणि ते एअर फिल्टरच्या डब्यात येतं. इंजिनच्या कडेचं रबर फाटलं असेल तर खालची एक्झॉस्टची गरम हवा वर येते आणि इंजिन गार करणारा पंखा तीच परत ओढतो, ते पण बदला.

आता हवेचं. तुमच्या ३.२ ला रेडिएटरसारखा कूलर आहे आणि १९८७ पासून या कूलरला स्वतःचा पंखा आला, म्हणजे तुमच्याकडे तो नसणार. पंखा ट्रॅफिकमध्ये खूप कामाचा, पण ट्रॅकवरच्या वेगात खरं काम समोरच्या हवेचंच. आणि कूलरमधून हवा जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल तेव्हाच. मागची हवा चाकाच्या पोकळीत कोंडली तर पुढचं भोक दुप्पट करूनही काही होत नाही. मी स्वतः आधी पुढची जाळी मोठी केली होती, तेलाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मग कूलरच्या चारी बाजूंच्या फटी फोम आणि पातळ पत्र्याने बुजवल्या, कारण हवा आळशी असते, फट दिसली की कूलर सोडून तिथूनच पळते, आणि फिन्समध्ये (कूलरच्या पातळ पात्यांमध्ये) मागून बसलेला चिखल हळू पाण्याने धुतला, तेव्हा कुठे तेल दहाएक डिग्री खाली आलं. एवढं करूनही कमी पडलं तर फॉग लॅम्पच्या जागी जाळी लावा, पण ती हवा थेट कूलरच्या तोंडावर जाईल असं छोटं नळकांडं करून.

आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते, त्याच भोकातून ब्रेकचा पाइपही काढतात. उजव्या बाजूला मग दोघंही उपाशी. ते भोक तेलाला ठेवा, ब्रेकला खालच्या ए-आर्मला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) बसणारे स्कूप लावा, गाडीखालून जाणारी हवा ते डिस्ककडे वळवतात.

पण पेडल मऊ पडतंय म्हणालात म्हणून विचारतो, ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं? डॉट ४ प्रकारचं फ्लुइड नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत येते. पेडल खाली जातंय म्हणजे फ्लुइड उकळतंय, पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही म्हणजे पॅड फेड झालेत (तापून पकड गेली). तुमचं पहिल्या प्रकारचं वाटतंय, तर आधी नवं फ्लुइड भरा आणि नीट ब्लीड करा (लाइनमधली हवा काढा). त्यासोबत डिस्कच्या कडेला तापल्यावर बदलणारे तापमानाचे रंग लावा, हिरवा ४३० डिग्रीला, केशरी ५६० ला, लाल ६१० ला बदलतो, म्हणजे अंदाजावर काम राहत नाही.

तरीही डक्ट लागलाच तर हवा डिस्कच्या पृष्ठभागावर मारू नका, एकच बाजू गार होते आणि डिस्कला तडे जायची भीती असते. व्हेंटेड (आतून पोकळ) डिस्क मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते, म्हणून हवा हबजवळ, डिस्कच्या मध्यभागी द्यायची, त्यासाठी मागची धूळ अडवणारी प्लेट कापावी किंवा बदलावी लागते. होज सिलिकॉन आणि फायबरग्लासचा घ्या, साधा प्लास्टिकचा वितळतो. बसवून झाल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक उचलून खाली लोंबू देऊन बघा, टायरला कुठेही घासला तर दुसऱ्या लॅपपर्यंत टिकणार नाही.