मोतीबिंदूची लेन्स : किमतीआधी डोळ्याचं माप

प्रश्न : वडिलांचं वय ६४. रोज पहाटे चारला दुधाचा टेम्पो घेऊन निघतात. दवाखान्यातून तीन पॅकेजांचा कागद मिळालाय : मोनोफोकल, टोरिक, मल्टिफोकल. पैशांची तजवीज होईल. सगळ्यात महाग म्हणून मल्टिफोकलच घ्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वडील अंधारात गाडी चालवतात, एवढं एकच कारण मल्टिफोकलला नको म्हणायला पुरेसं आहे. मोनोफोकल लेन्स डोळ्यात आलेला सगळा प्रकाश एकाच अंतरासाठी जुळवते. मल्टिफोकल तोच प्रकाश लांब, मध्ये आणि जवळ असा वाटून देते. त्यामुळे पुष्कळांचा चष्मा सुटतो, हे खरं आहे. पण वाटणी झाली की प्रत्येक अंतराच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. पहाटेच्या डांबरी रस्त्यावर गडद कपड्यातला माणूस उठून दिसत नाही आणि समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होतच नाही; आणि बसवलेली लेन्स काढून दुसरी घालणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त जोखमीचं असतं.

वडिलांसाठी लांबचं दिसेल अशी मोनोफोकल घ्या. पावती-पुस्तक वाचायला साधारण +२.५० चा चष्मा लागेल, तो लागू द्या. काचबिंदू असलेल्यांनी, मधुमेहाने पडदा खराब झालेल्यांनी आणि डोळे फार कोरडे असणाऱ्यांनीही मल्टिफोकलच्या वाटेला जाऊ नये. पडद्याची ओसीटी तपासणी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, आधी करून घ्या. आणि टोरिक ही या दोन्हींच्या मधली पायरी नव्हे. ती वेगळ्याच कामाची आहे : सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्याने लागणारा नंबर, घालवण्याच्या; पुढचं उत्तर पाहा.

प्रश्न : माझ्या चष्म्यात १.७५ चा सिलिंडर आहे. म्हणजे टोरिक लेन्स घ्यावीच लागेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चष्म्याच्या कागदावरून हे ठरत नाही. त्या सिलिंडरचा काही भाग मोतीबिंदू झालेल्या भिंगाचा असू शकतो, आणि ते भिंग तर निघणारच आहे. बुबुळाच्या बाकाचं माप, म्हणजे केरॅटोमेट्री, किती सिलिंडर दाखवते ते विचारा. तो साधारण सव्वा-दीडच्या पुढे असेल तर टोरिकचे पैसे वसूल होतात.

मात्र ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली की सुमारे ३ टक्के परिणाम जातो, दहा अंशांत एक तृतीयांश, आणि तीस अंश फिरली तर काहीच उरत नाही. माणूस आडवा झाला की डोळाही किंचित वळतो. म्हणून कोनाची खूण रुग्णाला बसवून करतात, नाहीतर यंत्राने जुळवतात. तुमच्या दवाखान्यात यांपैकी काय करतात, ते आधी विचारा.

प्रश्न : आईचं ऑपरेशन बिनटाक्याचं आणि छान झालं, तरी त्या डोळ्याला −१.५० नंबर निघाला. लेन्स खराब निघाली का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : लेन्सपेक्षा मापाचा संशय घ्या. लेन्सची पॉवर मुख्यतः दोन आकड्यांवर ठरते : बुबुळाचा बाक आणि डोळ्याची समोरून मागेपर्यंतची लांबी. लांबी बहुतेकांची २३-२४ मिलिमीटर असते, आणि ती मोजताना एक मिलिमीटर चुकलं की चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. म्हणजे आईंच्या बाबतीत अर्ध्या मिलिमीटरची चूकही पुरेशी आहे. सोनोग्राफीच्या ए-स्कॅनमध्ये प्रोब बुबुळाला टेकवतात. तो जरा जास्त दाबला गेला की डोळा आखूड मोजला जातो, हिशोबात जास्त पॉवरची लेन्स येते आणि मायनस नंबर उरतो.

प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रात डोळ्याला काही टेकत नाही, त्यामुळे ही चूक टळते. पण मोतीबिंदू फार दाट झाला असेल तर त्यातून प्रकाशच आरपार जात नाही. ‘पिकू दे, मग बघू’ म्हणत थांबू नये, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो त्याचं हेही एक कारण.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पहिल्याचा निकाल डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मापाआधी मऊ लेन्स किमान एक आठवडा आणि कडक लेन्स किमान तीन आठवडे बंद ठेवावी. चष्मा घालवण्याचं लेसर ऑपरेशन (लेसिक) झालेलं असेल तर ते लपवू नका : बुबुळाचा बाक बदललेला असल्याने नेहमीचं सूत्र चुकतं. जुने कागद शोधून न्या.

आणि आईंना विचारा, त्या डोळ्याने चष्म्याविना तांदूळ निवडता येतात का? येत असतील आणि त्यांना ते आवडत असेल, तर दुसरा डोळा लांबच्यासाठी ठेवता येतो.

प्रश्न : मी शिवणकाम करते. नंबर −३ आहे. चष्मा काढून सुई ओवते. लेन्स लांबची घ्यावी की जवळची?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लांबची बसवलीत तर सुई ओवायला चष्मा लागेल, आणि आयुष्यभराची सवय मोडल्याने पुष्कळ जण नाराज होतात. मोनोफोकलच घ्या, पण −२.५० चा नंबर ठेवायला सांगा. म्हणजे ४० सेंटिमीटरवर स्वच्छ दिसेल, रस्त्यावर चष्मा लागेल. हे डॉक्टरांना मापाच्या दिवशीच सांगा.

प्रश्न : शिबिरात बसवतात ती कडक लेन्स दुय्यम असते का?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : नाही. डोळ्यांचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवलेली पहिली लेन्स याच कडक, पीएमएमए नावाच्या प्लास्टिकची होती. ती दुमडत नाही, म्हणून छेद सहा मिलिमीटरच्या आसपास लागतो. फोल्डेबल तीनहून कमी मिलिमीटरमधून जाते. छेद मोठा असल्याने सिलिंडर थोडा वाढू शकतो, एवढाच मुख्य फरक. मदुराईची ऑरोलॅब १९९२ पासून स्वस्तात लेन्स बनवते आहे. काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर बहुतेक वेळा लेन्समागचा पापुद्रा धुरकट झालेला असतो. याग लेसरने तो काही मिनिटांत मोकळा होतो. लेन्स बदलावी लागत नाही.

लेन्सच्या डब्यातला पॉवर, मॉडेल आणि सीरियल नंबरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवतात. त्याची एक प्रत मागून घ्या. विम्याच्या दाव्याला तो लागतो, आणि दुसऱ्या डोळ्याचं माप काढताना डॉक्टरही तोच मागतात.