बीपीडी: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं

प्रश्न: मुलगी २६ आठवडे भरताच झाली. अजून ऑक्सिजनवर आहे. बीपीडी (ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेझिया, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुफ्फुसांचा आजार) किती गंभीर, ते '३६ आठवड्यांना सांगू' म्हणतात. आत्ता का नाही?

उत्तर: कारण प्रतवारी त्याच टप्प्यावर ठरते. ३६ आठवडे म्हणजे पोटातले आणि बाहेरचे मिळून. तुमच्या मुलीसाठी जन्मानंतर दहा आठवड्यांनी. २००१च्या व्याख्येनुसार, २८ दिवस ऑक्सिजन लागलेलं बाळ ३६ आठवड्यांना साध्या हवेवर असेल तर आजार सौम्य. ३० टक्क्यांच्या आत ऑक्सिजन लागत असेल तर मध्यम, त्याहून जास्त किंवा दाबाने श्वास द्यावा लागत असेल तर तीव्र. २०१९पासून बरेच डॉक्टर टक्केवारी सोडून आधार कोणता लागतो तेवढंच बघतात: नाकातली ऑक्सिजनची नळी, सीपॅप (नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र) की व्हेंटिलेटर. मलाही तेच जास्त पटतं. पुढे बाळाला किती त्रास होईल याचा अंदाज त्यावरून बरा येतो.

प्रश्न: शेजारच्या पेटीतली मुलगी आमच्या मुलाएवढ्याच दिवसांची, वजनही तेवढंच. ती घरी गेली, हा सीपॅपवरच. आमचं काय चुकलं?

उत्तर: तुमचं काहीच नाही. दिवस जितके कमी तितका धोका जास्त, हे खरंच. २८ आठवड्यांआधी वायुकोश नीट बनायला लागलेलेच नसतात. पण दिवस सारखे म्हणून आजार सारखा, असं होत नाही. पोटात वाढ खुंटलेली असणं, गर्भपिशवीत जंतुसंसर्ग, हृदयाजवळची डक्टस ही रक्तवाहिनी उघडी राहणं, यांनी पारडं फिरतं. मुलगा असणं हेही एक कारण आहे! मुलींची फुफ्फुसं थोडी आधी तयार होतात.

सगळ्यात जास्त घात व्हेंटिलेटर आणि जंतुसंसर्गाच्या जोडीने होतो. मशीनचा श्वास मोठा बसला की नाजूक फुफ्फुस ताणलं जातं, सुजतं. सूज आली की मशीन आणखी लागतं. सीपॅपवर छान स्थिरावलेलं बाळ रक्तातल्या जंतुसंसर्गाने पुन्हा व्हेंटिलेटरवर जातं आणि कमावलेलं बरंच गमावतं. म्हणून व्हेंटिलेटरची घशातली नळी लवकर काढायची धडपड असते. त्यात कॅफीन या औषधाची मदत होते. २००६च्या मोठ्या चाचणीत कॅफीन मिळालेल्या बाळांमध्ये बीपीडी कमी आढळला.

प्रश्न: ऑक्सिजननेच इजा होते, तर कमी का ठेवत नाहीत?

उत्तर: ठेवून पाहिलं आहे. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८५ ते ८९ टक्के राखलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. म्हणून साधारण ९१ ते ९५ हे लक्ष्य. ऑक्सिजनवरच्या बाळाचा आकडा ९८ झाला की अलार्म वाजतो आणि सिस्टर नॉब थोडा खाली फिरवतात, ते याचसाठी. पालकांना ९८ पाहून आनंद होतो, आम्हाला नाही.

प्रश्न: आम्ही काय करू शकतो?

उत्तर: आईचं दूध, थेंबथेंब का होईना. पोषण नसेल तर फुफ्फुस वाढणार कशाने? बाळाला हात लावण्याआधी हात धुणं. घरी नेल्यावर विडी-सिगारेटचा धूर आसपासही नको. लसी जन्मतारखेपासून वय मोजून द्यायच्या, 'दिवस भरल्याच्या' तारखेपासून नाही. यात घोळ फार होतो.