ग्राहक की ग्राही?

प्रश्न असा आला आहे: पशुवैद्यकावरील मजकुराचे भाषांतर करताना 'पेप्टाइड संप्रेरकांचे ग्राहक गर्भाशयाच्या कळा नियंत्रित करतात' असे वाक्य तयार झाले. त्यातला 'ग्राहक' चालेल का, आणि नसल्यास 'रिसेप्टर'ला काय म्हणावे?

घेणारा तो ग्राहक, म्हणून व्युत्पत्तीने शब्द चूक नाही. पण तो बाजारात इतका रुळला आहे की वाचकाला आधी दुकानाची पायरीच दिसते. शिवाय गिऱ्हाईक माल घरी नेते, तर रिसेप्टर पेशीच्या पटलात रुतलेला असतो आणि बाहेरून येऊन चिकटलेल्या संप्रेरकाचा (हॉर्मोनचा) निरोप तेवढा आत पोहोचवतो. 'संवेदक' आपण उपकरणांसाठी वापरतो. म्हणून मी 'ग्राही' लिहीन. आयुर्वेदात सुंठ-जिऱ्यासारख्या द्रव शोषून मळ बांधणाऱ्या द्रव्यांना ग्राही म्हणतात हे खरे, पण गर्भाशयाच्या संदर्भात तो घोटाळा होणार नाही.

या शब्दाबाबत एवढा काटेकोरपणा हवा, कारण येथे सारी मेख ग्राहींच्या संख्येत आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकसते, असे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवले. त्या अर्कातले ऑक्सिटोसिन हे अवघ्या 9 अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी असून त्याच्या ग्रीक नावातच 'शीघ्र प्रसव' हा अर्थ आहे. ते ग्राहीला चिकटले की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते, बाहेरूनही आत येते आणि स्नायू आकसतो. मात्र उंदरांच्या मादीत गर्भारपण सरत आले, गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल ओसरून इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचा वाढला, की गर्भाशयातले हे ग्राही झपाट्याने वाढतात. त्यामुळे रक्तातले ऑक्सिटोसिन फारसे वाढले नाही तरी एरवी थंड असलेले गर्भाशय त्याला दाद देऊ लागते. तेव्हा 'संप्रेरक' आणि 'ग्राही' यांची सरमिसळ झाली, तर वाक्याचा अर्थच निसटतो.

'कळा' मात्र बदलावा. कळ सोसली जाते आणि आकुंचन स्नायूत घडते. गाय व्याल्यावर वार पडेपर्यंतही गर्भाशय आकुंचन पावत असते. आपली 'वेण' तर थेट 'वेदना'पासून, प्राकृतातल्या 'वेअणा'मार्गे आलेली आहे, म्हणजे तिच्यात दुखणे आहे, स्नायू नाही. 'नियंत्रित करतात' हे राहू द्यावे, कारण सगळीच पेप्टाइडे स्नायू आवळत नाहीत; रिलॅक्सिन या पेप्टाइड संप्रेरकाचा ग्राही उंदरांच्या मादीत गर्भाशय उलट शांत ठेवतो.

जाता जाता, वासराने ढुशी दिल्यावर गाय पान्हा सोडते, तेव्हा कासेतल्या पेशींवर ऑक्सिटोसिनचा हाच ग्राही काम करत असतो. 'पान्हा' संस्कृत 'प्रस्नव'पासून आला आणि 'वेण' वेदनेपासून, त्यामुळे शब्दांची कुळे वेगळी असली तरी शरीरात दोन्हींची किल्ली एकच आहे.

तर वाक्य असे करावे: 'जनावरांच्या गर्भाशयातील स्नायूंचे आकुंचन पेप्टाइड संप्रेरकांच्या ग्राहींकडून नियंत्रित होते.' पशुपालकांसाठी लिहीत असाल, तर पहिल्या उल्लेखाशी 'म्हणजे रिसेप्टर' एवढे जोडावे.