नाशिकमधल्या आमच्या छोट्या शास्त्रीय संगीत महोत्सवाला कंपनीचं प्रायोजकत्व घ्यावं का?

पैसे जरूर घ्या. पण सगळा भार एकाच कंपनीवर टाकू नका, आणि महोत्सवाचं नाव तर अजिबात देऊ नका. तुम्ही लिहिलंय की मंडप, स्पीकर, कलाकारांचं मानधन, सगळंच कंपनी द्यायला तयार आहे. बदल्यात महोत्सवाच्या नावाआधी तिचं नाव हवंय. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं असे कार्यक्रम करतोय. मला बॅनरची भीती नाही, वर्गणी बंद पडण्याची आहे. पैसा आयता येऊ लागला की पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणं थांबतं. मग कंपनीत नवा मॅनेजर आला, त्याने हात आखडता घेतला, की तुमच्याकडे पैसाही नाही आणि वर्गणीदारही नाहीत.

कार्यक्रम गोदाघाटावर किंवा मैदानात असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात. तानपुरे जुळलेत, गायिका डोळे मिटून बसलीय, आणि निवेदक कंपनीच्या साहेबांना मंचावर बोलावतो. शाल, श्रीफळ, दोन शब्द (ते दोन कधीच नसतात), वर कंपनीची चित्रफीत. हा सगळा वेळ विलंबित ख्यालातून, म्हणजे संथ लयीतल्या मुख्य गाण्यातून, कापला जातो. पुढचे सोफे कंपनीच्या पाहुण्यांसाठी राखलेले आणि रिकामे. दरवर्षी येणारे जुने रसिक मागे सतरंजीवर. हे पाहून जीव तुटतो.

कुणी सुलाफेस्टचा दाखला देईल. पण तो सुला या वाइनरीनेच २००८ मध्ये स्वतःच्या द्राक्षमळ्यात सुरू केलेला महोत्सव. तिथे नाव तिचंच असणार, त्यात गैर काही नाही. तुमचा महोत्सव लोकांनी उभा केलाय. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली ती राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. पुढे मुंबईच्या इमारतीचं कर्ज डोईजड झालं आणि ती गेली, तेव्हा ते आपल्या नाशकातच येऊन राहिले. तरी विद्यालयं चालत राहिली, कारण शिष्य गावोगावी पसरले होते.

कंपनीला सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे द्यायला सांगून बघा. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. त्यात कला-संस्कृतीही बसते. मालाच्या जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व मात्र त्यात धरता येत नाही, त्यामुळे नावाचा हट्ट आपोआप ढिला पडतो. यासाठी तुमची संस्था नोंदणीकृत हवी, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही मान्यता हवी, किमान ३ वर्षांचं काम दाखवता यायला हवं आणि सीएसआर-१ हा सरकारकडे नोंदणीचा अर्ज भरलेला हवा. सीएला आत्ताच गाठा.

बोलणी झाली की सगळं कागदावर घ्या: कलाकार तुमची समिती ठरवेल, सत्कार मध्यंतरात आणि पाच मिनिटांत, पहिलं सत्र गावातल्या विद्यार्थ्यांचं. आणि दर महिन्याच्या गाण्याच्या बैठकीला कंपनीचा पैसा लावू नका. तबलजीचं मानधन आणि चहा दारातल्या पेटीतूनच निघू द्या.